अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न

"ताळा केला का?"

आमच्या शाळेच्या शिपाईबाई हे विचारायच्या तेव्हा हातातलं काम आधी खाली ठेवायच्या. झाडू असेल तर भिंतीला टेकवून, बादली असेल तर पायरीवर. मग पदराला हात पुसायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबायच्या. भागाकार बरोबर आला की नाही हे उलटा गुणाकार करून तपासायचं, त्याला ताळा म्हणतात. हे आपण सगळे चौथीत शिकतो आणि पाचवीत विसरतो. अक्का विसरल्या नव्हत्या. कुणी म्हणालं, उद्या नळाला पाणी येणार आहे, तर ताळा केला का? कुणी म्हणालं, अमक्या बाईंची बदली झाली, तर ताळा केला का? एकदा मी सहज म्हणाले, "यंदा ऊन जास्तच आहे." मलाही तोच प्रश्न आला. सोलापुरात राहून उन्हाचा पुरावा मागणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

त्या शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या. तेलुगूत मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि शाळेत मुलांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्काच होत्या. नवरा टॉवेलच्या मागावर कामाला. बोलायच्या आपली सोलापुरी मराठी, पण आकडे मात्र मनातल्या मनात तेलुगूत फिरायचे. ओठ हलताना दिसायचे, ओकटी, रेंडू, मूडू. उंचीला बेताच्या, चालणं भरभर, आणि कुणाचीही गोष्ट नुसती ऐकून मान्य न करण्याची खोड.

असं एखादं माणूस तुमच्याही कचेरीत असेल. रोज दिसतं आणि म्हणूनच आपण त्याच्याकडे नीट बघत नाही. मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागून सात वर्षं झाली होती आणि अक्कांकडे मी नीट बघितलं नव्हतं. ते बघायला लावलं एका संख्येनं.

डिसेंबरात शाळेत गणित दिन असायचा. गणिताचे सर मोडनिंबकडचे, तरुण, हुशार, शर्टाच्या खिशात नेहमी तीन रंगांचे खडू. त्यांनी व्हरांड्यातल्या मोठ्या फळ्यावर एक संख्या लिहिली, ५८८२३५३. खाली तिचे गुण लिहिले. तीन आकड्यांनंतर तोडली तर ५८८ आणि २३५३ असे दोन तुकडे होतात. ५८८ चा वर्ग आणि २३५३ चा वर्ग यांची बेरीज केली तर परत हीच संख्या, ५८८२३५३. तिला सतरानं गुणलं तर दहा कोटी एक. म्हणजे दोन्ही टोकांना एक-एक आणि मध्ये सात शून्यं. आणि सगळ्यांत खाली लाल खडूनं, "ही संख्या मूळ आहे."

मुलांनी बघितलं, दोघांनी वहीत उतरवून घेतलं, दिन संपला. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "अक्का, फळा पुसून घ्या."

"पुसनार न्हाई सर."

सर थबकले. मी शेजारच्या वर्गातून बाहेर येत होते, मीही थबकले.

"आधी सांगा, मूळ म्हंजे काय?"

सरांनी सांगितलं. एक आणि ती स्वतः, एवढंच सोडून दुसऱ्या कुठल्याही संख्येनं जिला पूर्ण भाग जात नाही ती मूळ संख्या. सहा मूळ नाही, दोन त्रिक सहा. सात मूळ आहे.

"सातचं ठीक हाय. हे एवढं मोठं कुनी बघितलं?"

"संगणकानं. सेकंदही लागत नाही त्याला."

"मग संगनक काय म्हनला? कितीनं भागलं, बाकी किती उरली?"

"तसं सगळं सांगत नाही तो. मूळ आहे का विचारलं की नुसतं हो म्हणतो."

"नुसतं हो कुनीबी म्हनतं," अक्का म्हणाल्या आणि फळ्यासमोर उभ्या राहून त्यांनी ती संख्या हाताच्या तळव्यावर पेनानं लिहून घेतली. फळा त्यांनी पुसला, पण ते दुपारी. त्याआधी ५८८ चा वर्ग आणि २३५३ चा वर्ग करून, बेरीज जमते हे पाहून, मगच. पहिला तीन लाख पंचेचाळीस हजार सातशे चव्वेचाळीस, दुसरा पंचावन्न लाख छत्तीस हजार सहाशे नऊ. मला येऊन सांगितलं, "बेरीज खरी हाय मॅडम. सतराचं बी खरं हाय. आता ऱ्हायलं मूळ."

मला वाटलं, झालं एवढ्यावर. पण जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपली आणि मधल्या सुट्टीत मी पाहिलं तर अक्का घंटेखालच्या स्टुलावर बसून भागाकार करत होत्या. सातनं भागलं, बाकी एक. अकरानं, बाकी चार. तेरानं, बाकी नऊ. बाकी लाल पेनानं लिहिलेली आणि तिच्याभोवती चौकट.

"अक्का, किती भागाकार करणार? संख्या अठ्ठावन्न लाखांची आहे."

"सरास्नी विचारलंय मी. चोवीसशे पंचवीसपत्तर बघितलं की बास."

ते का, हे मला सरांनी नंतर समजावलं, मराठीच्या माणसाला समजावतात तसं, हळूहळू. २४२५ ला २४२५ नं गुणलं तर या संख्येच्या जरा खाली येतं, २४२६ ला २४२६ नं गुणलं तर वर जातं. तेव्हा संख्या दोघांच्या गुणाकारात फुटणार असेल तर दोघांतला एक तरी २४२५ च्या आत असलाच पाहिजे. अक्कांनी हेच मला एका वाक्यात सांगितलं होतं. "दोन भावांत एक धाकटा असतोच की मॅडम. धाकट्याला हुडकलं की थोरला आपोआप घावतोय."

आणि सगळ्या आकड्यांनीही भागायची गरज नाही, फक्त मूळ संख्यांनी. दोननं भाग गेला नाही तर चारनं कशाला बघायचं? सर म्हणाले, "माझ्या पुस्तकात यादी आहे, झेरॉक्स देतो." अक्कांनी यादी घेतली नाही. मुलांच्या टाकून दिलेल्या चित्रांच्या पाठीवर त्यांनी चोवीसशे पंचवीसपर्यंतचे आकडे लिहिले आणि दोनच्या पाढ्यातले, तीनच्या पाढ्यातले, पाचच्या पाढ्यातले असे एकेक खोडत नेले. उरले तीनशे साठ. सरांनी पुस्तकाशी ताडून पाहिलं. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. त्या दिवसानंतर "अक्का, फळा पुसा" म्हणायचं त्यांनी सोडून दिलं. स्वतःच पुसायला लागले.

रोज दोन भागाकार, कधी तीन. घंटेचं काम चुकवायचं नाही, पाण्याच्या टाकीचं चुकवायचं नाही, पत्रं पोचवायचं चुकवायचं नाही. मधल्या वेळात भागाकार. मी जाता-येता विचारायची, "आज काय?" कधी कधी अक्का खऱ्या उत्साहात यायच्या. "सातला एक उरला हुता की नाई? एकेचाळीसला बी एकच उरला. आज एकसष्ट केलं, एकच! लई थोडक्यात वाचली बगा." जणू ती संख्या म्हणजे कुणी बाई आहे आणि तिला फोडायला दारात एकेक जण येऊन जातोय.

"अक्का, ती फुटावी असं वाटतं का न फुटावी असं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वर्गात चुकीचं शुद्धलेखन सांगितलंय. "मला वाटून काय? ती हाय तशी हाय."

एप्रिलमध्ये शाळा तपासणीला बाहेरून माणसं यायची होती. आमच्या मुख्याध्यापिका, अक्का त्यांना मोठ्या मॅडम म्हणायच्या, कडक होत्या पण वाईट नव्हत्या. तपासणी म्हटली की त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. आदल्या दिवशी त्या व्हरांड्यातून फिरल्या आणि घंटेखाली कागदांचा गठ्ठा दिसला. दोनशेच्या वर पानं, सगळी भागाकारांनी भरलेली.

"हे काय आहे?"

"भागाकार हायत मॅडम."

"कशासाठी?"

"ती संख्या मूळ हाय का बघायलेय."

"तुम्ही?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. एवढंच. पण तो शब्द मी ऐकला आणि अक्कांनीही ऐकला.

संध्याकाळी अक्कांच्या हातात मेमो पडला. "कार्यालयीन वेळेत शाळेच्या कागदाचा वापर करून असंबद्ध आकडेमोड केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा." शिक्षकांच्या खोलीत कुजबुज झाली. एक जण म्हणाले, माफीचं एक वाक्य लिहून टाका अक्का, विषय मिटेल. मी म्हणाले, मी लिहून देते, तुम्ही नुसती सही करा. मराठीची बाई म्हणून मला अशा अर्जांची सवय होती.

"तुमी लिहू नका," अक्का म्हणाल्या. "माझं मला लिहू द्या."

खुलासा मी नंतर वाचला. एका पाठकोऱ्या कागदाच्या कोऱ्या बाजूला, सरळ ओळीत, एकही खाडाखोड नाही.

"महोदया, आकडेमोड केली हे कबूल आहे. ती असंबद्ध नाही. कागद मुलांनी टाकून दिलेले, पाठकोरे होते. घंटा एकदाही उशिरा झाली असल्यास तारीख दाखवावी. आकडेमोड चालू राहील."

मोठ्या मॅडमनी खुलासा फाइलला लावला. पुढे काही केलं नाही, कारण तारीख दाखवता येत नव्हती. पण शाळेतले सगळे वापरलेले कागद ज्या त्या दिवशी रद्दीत घालावेत असा हुकूम निघाला. अक्कांनी आपला भरलेला गठ्ठा तेवढा जपून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याच्या कारखान्यातून टॉवेलांच्या घडीत घालतात ते पुठ्ठे घेऊन आल्या. गुळगुळीत, पांढरे, वहीच्या पानाएवढे. पुठ्ठ्यावर भागाकार जास्तच ठळक दिसायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षक घरी असतात, शिपायांना यावं लागतं. मी एकदा पगाराच्या कागदांसाठी गेले तर रिकाम्या शाळेत, तापलेल्या व्हरांड्यात, अक्का ओलं फडकं डोक्यावर टाकून बसलेल्या. पूर्व भागातल्या मागांची खटखट दूरवरून येत होती. आकडा दीड हजारांच्या पुढे गेला होता.

आणि मग ऑगस्टमधली ती दुपार. मधली सुट्टी होती. आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो. कुणीतरी शेंगाची चटणी पुढे सरकवत होतं. अक्का दारात आल्या. हातात पुठ्ठा. चेहरा असा की मला वाटलं घरी काही झालं.

"तुटली," त्या म्हणाल्या.

"काय तुटलं?"

"संख्या. दोन हजार दोनशे एकोनचाळीसनं भागलं. बाकी शून्य."

आधी एकजण हसला, मग आणखी दोघं. तीनशे तेहेतिसावा भागाकार होता तो. आठ महिन्यांचं काम, आणि सत्तावीसच उरले होते. अक्का हसण्याकडे बघतही नव्हत्या, त्या सरांकडे बघत होत्या. "तुमचा संगनक खोटं बोलला सर."

सरांनी डबा बाजूला ठेवला आणि खिशातून फोन काढला. "भागाकार किती आला?"

"सव्वीसशे सत्तावीस."

सरांनी दोन्ही आकडे फोनवर गुणले. "अठ्ठावन्न लाख एक्क्याऐंशी हजार आठशे त्रेपन्न. पाचशे कमी पडतात अक्का. म्हणजे बाकी पाचशे. कुठंतरी चुकलंय तुमचं." सर चांगल्या मनानं म्हणाले होते, पण मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, ज्याचं काम त्यानं करावं." तेही सगळ्यांनी ऐकलं.

"फोन ठेवा," अक्का म्हणाल्या. "कुटं चुकलं ते फोन सांगंल का?"

"ते नाही सांगणार."

"मग मी बगते." आणि त्या निघून गेल्या. सुट्टी संपल्याची घंटा वेळेवर झाली.

चूक त्यांना शेवटच्या तासाला सापडली. मला त्यांनी पुठ्ठा दाखवला म्हणून माझ्या लक्षात आहे. १४०४३ मधून १३४३४ वजा करायचे होते. उरतात ६०९. तेरातून चार गेले नऊ, तो नऊ लिहायचा, तर त्यांच्या हातानं वजा केलेला चारच खाली उतरवला. झाले ६०४. पुढचं सगळं त्या एका चारानं चोख जमवून आणलं आणि शेवटी शून्य.

मला वाटलं होतं अक्का आता दोन दिवस कुणाच्या समोर यायच्या नाहीत. मी असते तर आले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, प्रार्थना संपून सगळे शिक्षक खोलीत जमले असताना, अक्का आत आल्या आणि दाराजवळ नाही, मध्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"काल मी म्हनलं तुटली. तुटली न्हाई. माझं चुकलं. नवाच्या जागी चार पडला हुता. बाकी पाचशे." आणि पुठ्ठा टेबलावर ठेवून, चुकीच्या जागी बोट ठेवून, सगळ्यांना दिसेपर्यंत थांबल्या. मान खाली नव्हती, आवाज खाली नव्हता. आदल्या दिवशी हसणाऱ्यांपैकी एकानं उगाच चष्मा पुसायला घेतला.

"आता सत्तावीसच राहिले ना?" मी म्हणाले.

"न्हाई. एक चुकला म्हंजे बाकीचे बरोबर कशावरनं? पयल्यापासनं ताळा करनार. समद्यांचा."

"अक्का, सगळ्या तीनशे बत्तिसांचा?"

"व्हय की."

त्या आठवड्यात सर मला म्हणाले, "मॅडम, मी पाच वर्षं शिकवतोय. वर्गात उभं राहून 'माझं चुकलं' असं मी एकदाही म्हटलेलं नाही. चुकलो की फळा पुसून टाकतो." नंतर मुलांकडून कळलं की नववीच्या वर्गात सरांनी आदल्या दिवशीचं एक उदाहरण पुन्हा लिहिलं आणि कुठं चुकलं ते सांगितलं. मुलांना ते उदाहरण आठवत नव्हतं, सर असं म्हणाले हे आठवत होतं.

ताळ्यात आणखी दोन ठिकाणी बाकी चुकलेली निघाली. शून्य मात्र कुठेच नव्हतं. मग उरलेले सत्तावीस. दोन हजार तीनशे नव्याण्णवला पाचच उरले, तेव्हा अक्कांनी तो भागाकार तीनदा केला. डिसेंबरच्या मध्याला एका दुपारी मी तास संपवून बाहेर आले तर त्या स्टुलावर हात मांडीत ठेवून बसलेल्या. समोर शेवटचा पुठ्ठा. २४२३ नं भागलेलं, भागाकार २४२७, बाकी १७३२.

"मूळ हाय," अक्का म्हणाल्या.

मी म्हणाले, "म्हणजे संगणक बरोबर होता."

"व्हय. पन आता मला ठावं हाय."

गणित दिन पुन्हा जवळ आला होता. सरांनी मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं, आणि खरं सांगायचं तर मोठ्या मॅडमना ते मनापासून आवडलं. त्यांनी अक्कांना बोलावलं. पाहुणे येणार आहेत, व्हरांड्यात हे सगळे कागद आणि पुठ्ठे लावू, शाळेचं नाव होईल. मीही तिथं होते.

"लावा की," अक्का म्हणाल्या. "पन शेजारी मेमो बी लावा. आनि माझं उत्तर बी."

"अक्का, ते कशाला आता? झालं गेलं."

"कागद तर तवाचेच हायत मॅडम. पाहुन्यांनी कागद बघायचे आनि मेमो बघायचा न्हाई, हे कसं? लावायचं तर समदं लावा. न्हाईतर मी पुठ्ठे घरला नेते."

मोठ्या मॅडमचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे, मग राहू दे," त्या म्हणाल्या. अक्कांनी मान हलवली आणि त्याच दुपारी गठ्ठे सुतळीनं बांधायला घेतले. सर धावपळ करत होते, मला म्हणत होते तुम्ही तरी समजवा. मी समजवायला गेले नाही. मला वाटत होतं, अक्का बरोबर आहेत, आणि मला हेही वाटत होतं की हे मी मोठ्या मॅडमसमोर बोलायला हवं होतं. मी बोलले नाही, हेही इथे लिहून ठेवते.

गणित दिनाच्या सकाळी मी लवकर गेले. व्हरांड्यात मोठ्या मॅडम एकट्याच स्टुलावर उभ्या राहून टाचण्या लावत होत्या. मधोमध मेमो, शेजारी अक्कांचा खुलासा. मेमोवर लाल शाईची एक तिरकी रेघ, खाली "रद्द", सही आणि त्याच दिवसाची तारीख. मला बघून म्हणाल्या, "बघताय काय, धरा हे टोक." मी धरलं. थोड्या वेळानं अक्का आल्या. मेमो पूर्ण वाचला, रेघ बघितली, सही बघितली. मग सुतळी सोडायला बसल्या. आम्ही तिघींनी मिळून तीनशे साठ भागाकार लावले. व्हरांडा पुरला नाही, जिन्याच्या भिंतीवर गेले.

मे महिन्यात अक्का निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-नारळ घेतला, भाषण केलं नाही.

पावसाळ्यात एक दिवस त्या माझ्या घरी आल्या. दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरायचा होता, सतरा नंबरचा. सोबत शाळा सोडल्याचा जुना दाखला, पिवळा पडलेला, चार घड्यांचा. नववीतून सोडलेली शाळा. शिक्षण का थांबलं, हे अर्जाबरोबर लिहून द्यायचं होतं. मी कच्चं लिहायला बसले आणि म्हणाले, "घरची परिस्थिती, असं लिहू?"

"परिस्थिती हुतीच की. पन त्येच्यापायी न्हाई सोडली."

मग त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. नववीत असताना एका उदाहरणाचं त्यांचं उत्तर चौतीस आलं. बाईंच्या गाइडमध्ये छापलं होतं छत्तीस. बाई म्हणाल्या, छत्तीस लिही. ही म्हणाली, ताळा केलाय, चौतीसच येतंय. बाई म्हणाल्या, छापलेलं चूक आणि तू बरोबर? माफी माग. ती मागेना. दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. तिसऱ्या दिवशी वडील आले, हाताला धरून घरी घेऊन गेले. त्या दिवसापासून आईशेजारी बसून विड्या वळायच्या. पुढच्या वर्षी शेजारच्या मुलीनं तेच गाइड नवं आणलं, त्यात चौतीस छापलेलं होतं. अक्कांनी ते पान उघडून आईला दाखवलं. आईला वाचता येत नव्हतं.

"त्या बाईंना दाखवलं नाही?"

"गेले की शाळेत. त्या बाईंची बदली झालती."

मी पेन खाली ठेवलं. अक्कांनी ते उचललं, कागद स्वतःकडे ओढला आणि कारणाच्या जागी लिहिलं, "माझे उत्तर बरोबर होते, तरी माफी मागण्यास सांगितले. मागितली नाही." मी म्हणाले, अक्का, अर्जात असं चालत नाही. त्या म्हणाल्या, "परत पाठवू द्या की. परत हेच लिहीन." अर्ज परत आला नाही.

अक्का पास झाल्या. इंग्रजीत काठावर, पण झाल्या. आता त्या भिवंडीला लेकीकडे असतात. फोन क्वचित येतो, मीही नेमानं करत नाही. आमच्या शाळेत त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही, जागाच भरायची बंद झाली आहे.

माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या मार्चमधल्या एका सकाळच्या. मला दुसऱ्या एका शाळेत पर्यवेक्षणाला पाठवलं होतं, बीजगणिताचा पेपर होता. वर्गात शिरले तर खिडकीकडच्या ओळीत तिसऱ्या बाकावर अक्का. स्वच्छ धुतलेलं सुती लुगडं, डोळ्यांवर नवा चष्मा, पुढे-मागे नातवंडांच्या वयाची मुलं. त्यांनी मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. ओठ हलत होते. मी दोन ओळींमधून फिरत त्यांच्या बाकाजवळ आले आणि न राहवून जरा वाकले, किती सोडवलं ते बघायला.

अक्कांनी डावा हात आडवा टाकून उत्तर झाकलं आणि मी पुढे जाईपर्यंत उचलला नाही.